१२३४५६७८९ : एक मोठी संख्या कागदावर सोलून बघताना

बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. अशी वाचली तर कुणाच्या तरी टेंडरची रक्कम वाटते. अंकांत लिहिली, १२३४५६७८९, की पहिलीतलं पोरही ओळखतं. हीच संख्या घेऊन आपण ती मुळापर्यंत सोलणार आहोत. तिचे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, ती दोन वर्गांची बेरीज होते का, तिच्या व्यस्ताचा दशांश किती अंकांनी फिरून येतो, हे सगळं. आठ ते दहा अंकी कुठल्याही संख्येला याच पायऱ्या लागू पडतात. ही निवडली कारण काही ठिकाणी ती चटकन उलगडते आणि काही ठिकाणी चांगलंच फसवते.

सामान थोडंच लागतं: कोरा कागद, पेन्सिल आणि निदान दहा अंक पूर्ण दाखवणारा कॅल्क्युलेटर. मोबाइलवरचा चालतो, पण उत्तर घातांकाच्या रूपात दिसायला लागलं की थांबा, कारण शेवटचे अंक गळालेले असतात. एक्सेलमध्ये पंधरा अंकांपुढे शून्यं भरली जातात आणि ती खरी समजून लोक पुढची गणितं करत राहतात.

सुरुवातीलाच कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘लिखाणाचे गुण’, उजवीकडे ‘संख्येचे गुण’. अंकांचा क्रम, अंकांची बेरीज या गोष्टी डावीकडच्या, कारण आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून त्या दिसतात. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर २७ अंक होतात, त्यात १६ एक आणि ११ शून्यं. एक-दोन-तीन-चारची रांग तिथे कुठेच नसते. मूळ अवयव मात्र कुठल्याही पायात लिहा, तेच राहतात. ही रेघ मारली नाही की माणूस सुबक अंकांना भुलून आतही काहीतरी सुबक असणार असं धरून चालतो.

पहिली पायरी: शेपटीकडून

शेवटचा अंक ९, म्हणजे २ नं आणि ५ नं भाग जात नाही. इथे बहुतेक जण पुढे सरकतात. तुम्ही सरकू नका. शेवटचे दोन अंक ८९, त्याला ४ नं भागून बाकी १. शेवटचे तीन अंक ७८९, त्याला ८ नं भागून बाकी ५. या दोन बाक्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागतील.

दुसरी पायरी: अंकांची बेरीज

१ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून ९ नं भाग जातो. कारण साधं आहे. १०, १००, १००० या सगळ्यांना ९ नं भागल्यावर बाकी १ च उरते, त्यामुळे संख्येची बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी एकच. याचा एक गमतीचा परिणाम असा की १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून ज्या ३,६२,८८० संख्या बनतात, त्यातली एकही मूळ संख्या नाही. भेळ कशीही कालवा, ४५ काही बदलत नाही.

१२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१. आता हीच कसोटी या उत्तराला परत लावायची; ही जागा हमखास सुटते. बेरीज २६ येते, म्हणजे आता ३ चाही भाग नाही. तेव्हा आपल्या संख्येत ३ बरोबर दोनदा आहे, तिसऱ्यांदा नाही.

तिसरी पायरी: १००१ ची युक्ती

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे तीन-तीन अंकांचे गट पाडून उजवीकडून आळीपाळीनं वजा-अधिक केलं की ७, ११ आणि १३ या तिघांचा निकाल एका झटक्यात लागतो. आपल्याकडच्या स्वल्पविरामांचा इथे घोळ होतो. १२,३४,५६,७८९ असं लिहायची सवय असल्यामुळे हात दोन-दोनच्या गटांकडे वळतो. स्वल्पविराम पुसा आणि नव्यानं गट पाडा: १२३ | ४५६ | ७८९.

७८९ − ४५६ + १२३ = ४५६.

४५६ म्हणजे ४५५ अधिक १, आणि ४५५ = ५ × ७ × १३. म्हणून ७ ची बाकी १ आणि १३ ची बाकीही १. ११ नं भागून बाकी ५. तिघंही बाद.

तेच गट आता नुसते मिळवा: १२३ + ४५६ + ७८९ = १३६८. ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे या बेरजेवरून ३७ चा निकाल लागतो. १३६८ ला ३७ नं भागून बाकी ३६, म्हणजे तोही बाद. ३७ चं नाव मी मुद्दाम काढलं. एकदा भर वर्गात मी छातीठोकपणे सांगितलं होतं की या संख्येला ३७ नं भाग जातो, आणि मागच्या बाकावरच्या मुलीनं भागाकार करून दाखवला. माझ्या डोक्यात होती १२३४५६७९, म्हणजे मधला ८ गाळलेली. ती ३७ × ३३३६६७ आहे, आणि तिला ९ नं गुणलं की नऊ एक ओळीनं उभे राहतात. दिसायला दोघी जुळ्या, नातं मात्र लांबचं.

यापुढे सोपी युक्ती नाही, सरळ भागाकार. १३७१७४२१ ला १७ नं भागून बाकी २, १९ नं १०, २३ नं १४. असं कुठवर जायचं? संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे इथे ३७०३ पर्यंत. तोवर पाचशेहून जास्त मूळ संख्या आहेत. दमदार माणूस असेल तर जाईलही. पण तीसच्या आसपास पोचल्यावर काही हाती लागलं नाही, तर मी वाट बदलतो.

चौथी पायरी: दोन वर्गांची वजाबाकी

विषम संख्या जर दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता आली, तर तिचे अवयव समोर येतात, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). ही पद्धत पिएर द फर्मा याच्या नावानं ओळखली जाते. त्यानं १६४३ मध्ये २०२७६५१२८१ ही संख्या अशीच फोडून ४४०२१ × ४६०६१ करून दाखवली होती. पण तिचं बीज आपल्याकडे नारायण पंडितांच्या १३५६ च्या ‘गणितकौमुदी’तही आहे.

कृती अशी. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते बघा. नसेल तर एकानं पुढे सरका.

३७०४² = १३७१९६१६. वजा १३७१७४२१ केल्यावर उरतात २१९५. वर्गमूळ काढायचीही गरज नाही. ज्या वर्गाच्या शेवटी ५ असतो, त्याच्या शेवटी २५ च असावे लागतात. इथे ९५ आहेत. बाद.

३७०५² = १३७२७०२५. वजा केल्यावर ९६०४. आणि ९६०४ = ९८².

संपलं. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. गुणून खात्री करा: ३६०७ × ३८०३ = १३७१७४२१. सरळ भागाकारानं गेलो असतो तर ३६०७ ही ५०४ वी मूळ संख्या. तिच्यापर्यंत ५०३ भागाकार वाया गेले असते. इथे दोन वर्गांत काम झालं.

पण यावर भाळून प्रत्येक ठिकाणी हेच वापरू नका. दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ आहेत, अंतर फक्त १९६, म्हणून हे जमलं. हीच संख्या उलटी करून ९८७६५४३२१ घ्या. तिचे अवयव ३² × १७² × ३७९७२१. नऊ बाजूला काढून उरलेल्या १०९७३९३६९ ला वर्गांची पद्धत लावलीत तर १०४७६ पासून निघून थेट १९०००५ पर्यंत, म्हणजे १,७९,५३० पायऱ्या चढाव्या लागतील. साध्या भागाकारात १७ सातव्या क्रमांकावर सापडतो. त्यामुळे क्रम कायम हाच ठेवा: आधी लहान मूळ संख्या, मग वर्गांच्या वजाबाकीच्या दहा-वीस पायऱ्या, आणि तरीही नाही जमलं तर संगणक.

एक काम अजून राहिलं. ३६०७ आणि ३८०३ खरोखर मूळ आहेत का? ६० चा वर्ग ३६०० आणि ६१ चा ३७२१, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या सतरा मूळ संख्या तपासायच्या. ३८०३ साठी त्यात ६१ ची भर. हे भागाकार तोंडी होण्यासारखे आहेत. ३६०७ ला ७ नं भागून बाकी २, १७ नं ३, ५९ नं ८. ३८०३ ला ७ नं २, १९ नं ३, ६१ नं २१. सगळे करा, कुठेच शून्य येत नाही. आता उजव्या रकान्यात ठळक लिहा:

१२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

एवढी सजवलेली संख्या, आणि आत हे दोन अगदी सामान्य चेहऱ्याचे अवयव.

पाचवी पायरी: विभाजक मोजणं

इथून पुढची बरीच कामं या एका ओळीवरून होतात. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करा: (२ + १)(१ + १)(१ + १) = १२. बारा विभाजक, म्हणजे सहा जोड्या: १ आणि १२३४५६७८९, ३ आणि ४११५२२६३, ९ आणि १३७१७४२१, ३६०७ आणि ३४२२७, ३८०३ आणि ३२४६३, १०८२१ आणि ११४०९.

शेवटची जोडी बघा. दोघींची सरासरी ११११५ आणि अंतराचं अर्ध २९४, म्हणून ११११५² − २९४² = १२३४५६७८९. अशा सहा जोड्या, तेव्हा ही संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून बरोबर सहा प्रकारे लिहिता येते. आणि तिचं वर्गमूळ जवळजवळ १११११.१११ आहे. हा योगायोग नाही. ८१ × १२३४५६७८९ = ९९९९९९९९०९, म्हणजे दहा अब्जाला फक्त ९१ कमी; आणि दहा अब्जाचं वर्गमूळ १ लाख, त्याचा नववा भाग १११११.१११. ही ९१ ची कमतरता लक्षात असू द्या.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ५४९६६०२७ उरतात. ते संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या. विषम संख्यांत हेच बहुधा दिसतं, त्यामुळे इथे रेंगाळण्यासारखं काही नाही.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ सोडून तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या किती? ऑयलरच्या सूत्रानं ६ × ३६०६ × ३८०२ = ८२२६००७२. हे प्रमाण जवळपास दोन तृतीयांश आहे. ३ नं आपला तिसरा हिस्सा उचलला; बाकीच्या दोघांनी केलेली छाट नगण्य.

सहावी पायरी: दोन वर्गांची बेरीज होते का?

आता कोपऱ्यातल्या बाक्या काढा. ४ नं भागून बाकी १ आहे. शाळेत कुठेतरी ऐकलेलं असतं की ४ नं भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात, आणि त्या भरवशावर लोक इथे ‘होते’ म्हणून मोकळे होतात. आपली संख्या मूळ नाही, हे विसरलं जातं. संयुक्त संख्येचा नियम वेगळा आहे: ४ नं भागून ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. ३ दोनदा आहे, तो चालला. ३६०७ च्या शेवटी ०७, बाकी ३, आणि तो एकदाच. ३८०३ चंही तेच. दोन चुकांनी मिळून ४ ची बाकी १ केली, इतकंच. दोन वर्गांची बेरीज होणार नाही.

तीन वर्गांची मात्र होते. त्यासाठी संख्या विषम असेल तर ८ नं भागून बाकी ७ नको एवढीच अट असते, आणि आपली बाकी ५.

सातवी पायरी: उलट्या संख्येशी मसावि

९८७६५४३२१ आणि १२३४५६७८९ यांचा मसावि काढायला अवयवांची गरजच नाही. मोठीला लहाननं भागा: ८ × १२३४५६७८९ = ९८७६५४३१२. बाकी फक्त ९. आणि ९ नं आपल्या संख्येला भाग जातो, हे दुसऱ्या पायरीतच कळलं होतं. मसावि ९. युक्लिडची रीत एवढ्या मोठ्या जोडीवर इतक्या लवकर आटोपलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

आठवी पायरी: डावा रकाना, म्हणजे कापरेकरांचं अंगण

लिखाणाच्या गुणांना शुद्ध गणितवाले जरा नाक मुरडतात. नाशिकजवळ देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६) मात्र आयुष्यभर याच रकान्यात मुक्काम केला, आणि ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे जगभर त्यांचं नाव झालं. त्यांच्या दोन कसोट्या इथे लावू.

पहिली, हर्षद संख्या. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. आपली बेरीज ४५. पण संख्येच्या शेवटी ९ असल्यामुळे ५ चा भाग जात नाही, म्हणून ४५ चाही नाही. शेवटी एक शून्य जोडा: १२३४५६७८९० ÷ ४५ = २७४३४८४२. बेरीज तीच राहिली आणि संख्या हर्षद झाली.

दुसरी कसोटी जास्त रंगतदार. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. २१ मध्ये ३ मिळवा, २४ झाले. २१ हा २४ चा जनक. जिला असा जनकच नसतो तिला देवळाली संख्या म्हणतात. आपल्या संख्येला जनक आहे का?

आंधळेपणानं शोधू नका. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची ९ ची बाकी सारखी असते. दोघं मिळून ९ नं भाग जाणारी संख्या तयार होते, म्हणून त्या बेरजेच्या दुपटीला ९ नं भाग जायला हवा, म्हणजेच बेरजेलाही. नऊ अंकी संख्येची बेरीज ८१ च्या वर जात नाही. तेव्हा उमेदवार नऊच: ९, १८, २७ असे ८१ पर्यंत. आपल्या संख्येतून ते एकेक वजा केले की शेवटचे तीन अंक ओळीनं येतात ७८०, ७७१, ७६२, ७५३, ७४४, ७३५, ७२६, ७१७, ७०८. आधीचे सहा अंक, १२३४५६, जागचे हलत नाहीत. त्यांची बेरीज २१. आणि या नऊही शेपट्यांची बेरीज १५! म्हणजे प्रत्येकाची एकूण बेरीज ३६. जुळणार फक्त तो, ज्यात आपण ३६ वजा केले: १२३४५६७५३. जनक सापडला, आणि तो एकुलता एक आहे.

नववी पायरी: व्यस्ताचा दशांश

१ ला १२३४५६७८९ नं भागत राहिलं, तर आवर्ती दशांश किती अंकांनी पुन्हा सुरू होईल? भागाकार करून हे कळणार नाही. का ते उत्तरावरून समजेल.

मूळ अवयव प साठी १/प च्या आवर्तनाची लांबी म्हणजे १० चा असा लहानात लहान घात, ज्याला प नं भागून बाकी १ उरते. ही लांबी प − १ ची विभाजक असते, त्यामुळे मोजकेच घात तपासायचे. ३८०३ − १ = २ × १९०१, आणि १९०१ मूळ आहे. उमेदवार १, २, १९०१, ३८०२. १० आणि १०० तर बाद आहेत. १० चा १९०१ वा घात मात्र बाकी १ देतो, म्हणून लांबी १९०१. एवढा मोठा घात काढायचा कसा? वर्गाचा वर्ग करत जायचं आणि प्रत्येक वेळी भागून फक्त बाकी ठेवायची. दहा-बारा वर्गांत काम होतं आणि आकडा कधी चार अंकांपुढे उरत नाही.

३६०७ − १ = २ × ३ × ६०१. इथे ६, १२०२ आणि १८०३ हे तीन घात तपासले की पुरे. सहावा नाही, कारण ९९९९९९ च्या अवयवांत ३६०७ नाही. १२०२ व्या घाताची बाकी १३९९, १८०३ व्याची ३६०६. तिघंही नापास, म्हणून लांबी पूर्ण ३६०६.

उरला ९. १० ला ९ नं भागून बाकी १, म्हणून त्याची लांबी १. आता लसावि: ३६०६ आणि १९०१ मध्ये सामाईक काही नाही, म्हणून ३६०६ × १९०१ = ६८,५५,००६. अडुसष्ट लाख पंचावन्न हजार सहा अंकांनंतर हा दशांश पहिल्या घरावर परततो. शेजारच्या १/८१ चं आवर्तन फक्त नऊ अंकांचं आहे.

एवढी लांबी असूनही सुरुवात मात्र अगदी शिस्तीत होते, आणि तिथे ती ९१ ची कमतरता उपयोगी पडते. आपला व्यस्त म्हणजे ८१ भागिले (दहा अब्ज वजा ९१). म्हणून दहा-दहा अंकांचे गट पाडले की पहिल्या गटात ८१, आणि पुढच्या प्रत्येक गटात आधीच्याची ९१ पट:

०.००००००००८१ ००००००७३७१ ००००६७०७६१ ००६१०३९२५१ …

पाचवा गट व्हायला हवा ५५५४५७१८४१, दहा घरं काठोकाठ भरलेली. सहावा बारा अंकी होतो, ५०५४६६०३७५३१. तो आपल्या घरांत मावत नाही आणि डोक्यावरचे ५० पाचव्यात सांडतात. त्यामुळे कागदावर पाचवा गट उमटतो ५५५४५७१८९१, आणि तिथून पुढे ९१ ची रांग डोळ्यांना दिसत नाही.